नामदार गोखले आणि सरकारचा जमाखर्च

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात नामदार गोपाळ कृष्ण गोखले आपल्याला भेटतात ते नेमस्तांचे पुढारी, लोकमान्यांचे प्रतिपक्षी आणि गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून. परीक्षेत चार गुणांची टीप लिहायला एवढे पुरते. परंतु वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे आणखी एका नात्याने पाहायला हवे. हिंदुस्थान सरकार दरसाल कोट्यवधी रुपये कोणाकडून घेते आणि त्यांतले रेल्वेवर किती, फौजेवर किती व शाळांवर किती घालते, हा हिशेब सरकारच्याच कौन्सिलात बसून, सरकारच्याच आकड्यांनिशी दहा वर्षे मागणारा हा माणूस होता. त्यातील बहुतेक वर्षे या जमाखर्चावर मत देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. अमुक खर्चातून एक रुपया कमी करा, अशी सूचना आणण्याचीही सोय नव्हती. मग ते तेथे करीत काय होते, आणि त्यातून काही निष्पन्न झाले का, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

बेळगावहून पुण्याच्या रस्त्याला लागले की संकेश्वर, निपाणी मागे पडते आणि राज्याची हद्द ओलांडताच कागल लागते. गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला, पण बालपण गेले ते या कागलात. वडील कृष्णराव तेथे संस्थानच्या नोकरीत होते. १८७९ मध्ये वडील वारले तेव्हा गोपाळचे वय तेरा. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडले आणि कागलातच पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांतले आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाला कोल्हापुरास शिक्षणासाठी पाठवीत. घरातल्या मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग एका मुलाच्या शिक्षणाला! पुढे कलकत्त्याच्या कौन्सिलात सरकार शिक्षणाला किती देते यावर गोखले इतक्या पोटतिडिकीने का बोलत, याचे उत्तर मला तरी या आठ रुपयांत दिसते.

कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून १८८४ मध्ये, अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले. नंतर पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. पगार महिना पंचाहत्तर रुपये. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाल्यावर तेवढ्यातच भागवायचे, असे त्या मंडळींचे व्रतच होते. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय रिकामा पडेल तो गोखले शिकवीत. टिळक संस्था सोडून गेले तेव्हा त्यांचे गणितही गोखल्यांकडे आले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक तर शाळाशाळांतून चालले. ज्याला पुढे सरकारचे अंकगणित तपासायचे होते, त्याने आधी मुलांचे तपासले.

परंतु खरे शिक्षण झाले ते न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली. सार्वजनिक सभेचे चिटणीस आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादक म्हणून गोखले रानड्यांकडे जात. सरकारी अहवाल वाचायचे, त्यांचा सारांश काढायचा, अर्जाचा मसुदा करायचा. तो रानड्यांच्या पसंतीस उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा लिहायचा. इतके कष्ट घेऊन पाठवलेल्या अर्जाला सरकारकडून दोन ओळींची पोच येई. तरुण गोखल्यांनी एकदा वैतागून विचारले की या खटाटोपाचा उपयोग काय? रानड्यांनी त्यांना समजावले की हे अर्ज नावापुरते सरकारला असतात. खरे ते आपल्याच लोकांना असतात, कारण या विषयांवर विचार कसा करायचा हे लोकांना अजून शिकायचे आहे. गोखले हे कधी विसरले नाहीत. त्यांच्या कौन्सिलातील कामाचा अर्थ या प्रसंगावाचून लागत नाही, असे मला वाटते.

आणखी एका गुरूचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. गणेश व्यंकटेश जोशी हे पेशाने सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर. सोलापूरसारख्या गावी शाळा सांभाळून हा गृहस्थ सरकारच्या जमाखर्चाचा, शेतसाऱ्याचा, चलनाचा असा अभ्यास करी की मोठमोठ्यांनी तोंडात बोट घालावे. गोखल्यांच्या भाषणांतील अनेक आकड्यांच्या मागे या मास्तरांची टिपणे होती. व्यासपीठावर एकाचे नाव येते आणि मागचा माणूस मागेच राहतो, असे नेहमीच चालते. म्हणून हा उल्लेख मुद्दाम केला.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. वय एकतीसच्या आत. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, सुब्रह्मण्य अय्यर अशा जाणत्यांबरोबर त्यांची साक्ष झाली आणि उलटतपासणीतही ते डगमगले नाहीत. पण त्याच मुक्कामात एक दुर्दैवी प्रकार घडला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची बातमी पुण्याच्या पत्रांतून त्यांना कळली आणि ती त्यांनी तेथे जाहीर केली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पुरावा देणारे पुढे येईनात आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावे गोखल्यांना सांगायची नव्हती. त्यांनी बिनशर्त माफी मागितली. या माफीवरून त्यांची जी नालस्ती झाली ती वर्षानुवर्षे पुरली. त्यानंतरचे गोखले पाहिले तर ते पुराव्यावाचून शब्द उच्चारत नाहीत असे दिसते. सरकारी निळ्या पुस्तकातला आकडा हाती असल्याखेरीज त्यांचे वाक्य पुढे सरकत नाही.

मुंबईच्या कौन्सिलात दोन वर्षे काढल्यावर, सर फिरोजशहा मेहतांच्या जागी, १९०१ मध्ये त्यांची निवड व्हाइसरॉयच्या कौन्सिलात झाली. हे कौन्सिल म्हणजे आजची लोकसभा समजू नये. १८९२ च्या कायद्याप्रमाणे त्यात जादा सभासद जास्तीत जास्त सोळा. त्यांतही बहुसंख्य सरकारी. चार प्रांतांच्या कौन्सिलांतील बिनसरकारी सभासदांनी सुचवलेला एकेक आणि कलकत्त्याच्या व्यापारी मंडळाचा एक, असे पाच जण काय ते निवडून आल्यासारखे. अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय. मार्च महिन्याच्या उत्तरार्धात अर्थमंत्री अंदाजपत्रक ठेवीत. आठवडाभराने त्यावर चर्चा होई. आणि १ एप्रिलला नवे वर्ष सुरू. म्हणजे खर्च ठरून गेलेला, कर ठरून गेलेले, आणि मग सभासदांनी भाषणे करायची. ठराव नाही, मत नाही. बहुतेक सभासद अशा वेळी अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करीत आणि आपल्या प्रांताची एखादी मागणी पुढे करून खाली बसत.

२६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांचे पहिले अंदाजपत्रकी भाषण झाले. सर एडवर्ड लॉ अर्थमंत्री, लॉर्ड कर्झन अध्यक्ष. खजिन्यात सात कोटींच्या वर शिल्लक पडली होती आणि सभागृहात आनंदीआनंद होता. गोखल्यांनी उठून सांगितले की या अभिनंदनात आपल्याला मनापासून सामील होता येत नाही. नुकताच महाभयंकर दुष्काळ पडून गेलेला, प्लेग चालू, आणि अशा देशात सरकारजवळ कोट्यवधी शिल्लक उरते याचा अर्थ देश श्रीमंत झाला असा नाही. लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतले गेले असा आहे.

हे त्यांनी कसे दाखवले ते वाणिज्यच्या विद्यार्थ्याने नीट पाहण्यासारखे आहे. विलायतेतील खर्चासाठी हिंदुस्थानला दरसाल दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम पाठवावी लागे, आणि ती पौंडांत. चांदी उतरली तसा रुपया उतरला. एका वेळी तो तेरा पेन्सांच्या आसपास आला. पौंडाचे पेन्स २४०. म्हणजे एका पौंडाला साडेअठरा रुपये मोजावे लागत. ही तूट भरण्यासाठी सरकारने १८८० नंतरच्या वर्षांत कर वाढवले. १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. पुढे १८९३ मध्ये टांकसाळी खुल्या नाण्यांना बंद करून सरकारने रुपया सोळा पेन्सांवर नेला. आता पौंड पडू लागला पंधरा रुपयांना. दर पौंडामागे साडेतीन रुपयांची बचत. दीड कोटी पौंडांवर पाच कोटींच्या वर. तूट गेली, पण तुटीसाठी बसवलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक निघाली ती यातून. अर्थमंत्र्यांच्या कौशल्याचा प्रश्न येथे येतच नव्हता. मग मिठाचा कर कमी का करीत नाही, हा गोखल्यांचा सरळ प्रश्न.

या प्रश्नाला मत जोडलेले नव्हते, पण उत्तर तर द्यावेच लागले. १९०३ मध्ये मिठाचा कर अडीचावरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा वार्षिक पाचशेवरून हजारावर गेली. १९०५ मध्ये मीठ दीड रुपयावर, १९०७ मध्ये एका रुपयावर. हे सर्व गोखल्यांनी केले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शिल्लक होतीच, कर्झनसाहेबांनाही लोकप्रियता नकोशी नव्हती, आणि काँग्रेस कित्येक वर्षे हेच मागत होती. पण दरसाल एक माणूस उठतो, गेल्या वर्षीचे आकडे यंदाच्या आकड्यांशेजारी मांडतो, आणि सरकारी उत्तरातील फट दाखवतो, याचा परिणाम होत नाही असेही म्हणवत नाही. कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कराविरुद्धही ते असेच बोलत. तो मात्र हलला नाही. त्यात लँकेशायरच्या गिरण्यांचा स्वार्थ होता. मिठाच्या करात कोणत्याही विलायती व्यापाऱ्याचा स्वार्थ नव्हता, हा फरक लक्षात ठेवला म्हणजे कोणती मागणी कशामुळे मान्य होते याचा थोडा उलगडा होतो.

आणि हाच फरक रेल्वेच्या बाबतीत सर्वांत ठळक होता.

हिंदुस्थानातील पहिल्या रेल्वे कंपन्यांशी १८४९ मध्ये जे करार झाले त्यांत भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने घेतली. नफा कमी पडला तर भरपाई खजिन्यातून. म्हणजे काटकसर करण्याचे कंपनीला कारणच उरले नाही. शतक संपेपर्यंत रेल्वे एकंदरीत सरकारच्या अंगावर पडत होती. १९०० च्या सुमारास ती प्रथम नफ्यात आली. तोवर सुमारे पंचवीस हजार मैल रूळ पडले होते. तरीही व्यापारी मंडळांची ओरड चालूच की आणखी रेल्वे हवी, लवकर हवी. त्यांचे म्हणणे सरकारच्या कानी ताबडतोब पडे. १९०७-०८ मध्ये सर जेम्स मॅके यांच्या समितीने तर रेल्वेवर दरसाल सव्वाकोटी पौंड भांडवली खर्च करावा अशी शिफारस केली.

गोखले रेल्वेचे वैरी होते असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्याकडची सदर्न मराठा रेल्वे १८७६-७८ च्या दुष्काळाच्या अनुभवानंतरच निघाली, आणि दुष्काळात धान्य पोहोचवायला रूळ लागतात हे त्यांना कळत होते. त्यांचे म्हणणे एवढेच की रेल्वे असलेले धान्य इकडून तिकडे नेते. नवे धान्य पिकते ते पाण्याने, आणि पाटबंधाऱ्यांच्या वाट्याला रेल्वेच्या मानाने फार थोडे येते. शिवाय रेल्वेबरोबर विलायती माल खेड्यापर्यंत जातो आणि तेथला कारागीर बसतो, हेही त्यांनी वेल्बी कमिशनपुढेच सांगितले होते.

पण त्यांचा मुख्य आक्षेप हिशेबाचा होता. भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. रूळ टाकला तर तो पन्नास वर्षे कमाई करील. म्हणून तो कर्ज काढून टाकावा आणि त्याच्या कमाईतून व्याज फेडावे. सरकार मात्र वर्षाची शिल्लक उचलून रेल्वेच्या बांधकामात घाली. शिल्लक कोणाची? मीठ खाणाऱ्याची, सारा भरणाऱ्याची. त्याने आज दिलेल्या पैशातून पुढच्या पिढीची मालमत्ता उभी राहणार, आणि त्याच्या मुलाच्या शाळेला पैसा नाही. गोखले म्हणत की शिल्लक एक तर कर कमी करून लोकांना परत द्या, नाही तर शिक्षण, पाणी, आरोग्य यांवर घाला; रेल्वेला कर्ज बाजारात मिळते, शाळेला ते मिळत नाही.

सरकारची बाजू अगदीच लंगडी नव्हती. कर्ज टाळले की व्याज वाचते आणि पुढे त्याचा फायदा करदात्यालाच होतो, असे अर्थमंत्री सांगत, आणि हिशेबाच्या दृष्टीने ते खोटे नाही. वाद होता तो थांबायचे कोणी याचा. व्याज वाचेपर्यंत थांबणे ज्याला परवडते त्याला ही व्यवस्था चांगली. कागलच्या पंधरा रुपयांच्या कारकुनाला ती कशी परवडावी?

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी नियम थोडे सैल झाले. आता अंदाजपत्रक पक्के होण्यापूर्वी सभासदांना ठराव आणता येऊ लागले आणि त्यांवर मत घेता येऊ लागले. निवडून आलेले सभासद सत्तावीस झाले, मात्र बहुमत सरकारीच ठेवले होते आणि संमत झालेला ठरावही केवळ शिफारस. गोखल्यांनी ही नवी हत्यारे ताबडतोब वापरून पाहिली. २५ फेब्रुवारी १९१० रोजी नाताळला करारबंद मजूर पाठवणे थांबवावे हा त्यांचा ठराव सरकारने मान्य केला. रेल्वेबाबत त्यांनी सरकारी रेल्वेच्या चालू खर्चातून एक कोटी रुपये कमी करावेत असा ठराव आणला. कमाईतला अधिकाधिक हिस्सा गाडी चालवण्यातच खर्च होतो आहे, तेव्हा तेथे काटकसर होऊ शकते, हे त्यांचे म्हणणे. आज आपण संसदेच्या बातम्यांत कपात सूचना हा शब्द ऐकतो. एखाद्या मागणीतून ठरावीक रक्कम कमी करा असे म्हणायचे आणि त्या निमित्ताने त्या खात्याचा सगळा कारभार चर्चेला आणायचा, ही ती युक्ती. गोखल्यांचा एक कोटीचा ठराव याच जातीचा होता. कपात झाली नाही. पण रेल्वेच्या साहेबांना आकड्यांचे समर्थन करीत उभे राहावे लागले.

खर्च कमी करा असे म्हणणारा माणूस स्वतः एक मोठा खर्च मागत होता हे येथे विसरून चालणार नाही. १९१० मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याच्या दिशेने त्यांनी ठराव आणला आणि सरकारच्या आश्वासनावर मागे घेतला. मग १६ मार्च १९११ रोजी विधेयकच मांडले. त्यात घाई काहीच नव्हती. जेथे मुलांची हजेरी एका ठरावीक प्रमाणापर्यंत आली असेल तेथेच स्थानिक संस्थेने सक्ती करावी; खर्चाचा एक भाग तिने उचलावा आणि मोठा भाग सरकारने. वर्षभर गोखले देशभर हिंडले. पैसा कोठून आणायचा हेही त्यांनी सांगितले होते. १९ मार्च १९१२ रोजी मत झाले: बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस. विरोधकांत सरकारी सभासदांबरोबर काही हिंदी जमीनदारही होते, हे वाचताना वाईट वाटते. ज्यांच्या मुलांना घरी मास्तर येत होता त्यांना गड्याच्या मुलाने शाळेत जावे हे रुचले नसावे.

या काळात टिळकपक्षाचा गोखल्यांवर मुख्य आरोप हा की सरकारच्या घरी जाऊन हिशेब मागण्यात अर्थ नाही. मालकच बदलायला हवा. १९१२ चा निकाल पाहिला तर हा आरोप खोटा म्हणता येत नाही. मात्र मालक बदलल्यावर हिशेब कोण तपासणार, त्याला तो वाचता यायला नको का, या प्रश्नाचे उत्तर त्या आरोपात नाही. गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज काढला तो त्यासाठीच. तुटपुंज्या वेतनावर जन्मभर सार्वजनिक प्रश्नांचा अभ्यास करणारी माणसे त्यांना हवी होती.

मधुमेहाने आणि सततच्या श्रमांनी शरीर पोखरले होते. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा, नंतर सरकारी नोकऱ्यांच्या चौकशी आयोगाचे काम, विलायतेच्या वाऱ्या. १९१४ मध्ये देऊ केलेली सर ही पदवी त्यांनी नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

त्यांच्यानंतर भारत सेवक समाजाची धुरा श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे आली. १९२०-२१ मध्ये रेल्वेच्या कारभाराची चौकशी करायला ॲकवर्थ समिती नेमली गेली तेव्हा तिच्यात हेच शास्त्री सभासद होते. रेल्वेचा जमाखर्च सरकारच्या सर्वसाधारण जमाखर्चापासून वेगळा करावा, अशी त्या समितीने शिफारस केली. १९१९ च्या कायद्याने तोवर मध्यवर्ती असेंब्लीला बऱ्याच खर्चांच्या मागण्यांवर मत देण्याचा अधिकार मिळाला होता, आणि सप्टेंबर १९२४ मध्ये त्या असेंब्लीने वेगळ्या रेल्वे अंदाजपत्रकाची व्यवस्था मान्य केली. ती २०१७ मध्ये पुन्हा मुख्य अंदाजपत्रकात मिसळेपर्यंत चालली. १९२४ च्याच डिसेंबरात आपल्या बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली होती.

आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना डी. व्ही. गुंडप्पांचे नाव सांगायला नको. त्यांनी १९४५ मध्ये बंगळूरात सार्वजनिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी संस्था काढली तेव्हा तिला गोखल्यांचे नाव दिले. गोखल्यांची अंदाजपत्रकी भाषणे छापलेली आहेत. इंग्रजी जुने आहे, वाक्ये लांब आहेत, पण आकडे कोठेही अडखळू देत नाहीत. १९०२ च्या भाषणापासून सुरुवात करावी आणि शेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसावे.